बुचाची झाडे, द्राक्षांच्या 'काश्ता' आणि पगाराची चिठ्ठी

"मामा, तुम्हाला समुद्र दाखवू की खेडे?" असे भाचीने फोनवर विचारले, तेव्हा मी लगेच "खेडे" म्हणालो. समुद्र मुंबईला गेलो की दिसतो. परदेशातले खेडे कोण दाखवणार?

भाची पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, संगणक अभियंता आहे. तिच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, शिलाई मशीन चालवून तिला शिकवले. २०२५ च्या जूनमध्ये तिने मला पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतले. तिकीट तिचे, खर्च तिचा. माझी फक्त रजा. परदेशी जाऊन आलेले समाजबांधव आता प्रत्येक वस्तीत आहेत, तेव्हा राजवाडे आणि चर्च यांचे वर्णन करून वाचकांना कंटाळा आणत नाही. त्या पंधरा दिवसांतल्या एकाच दिवसाची हकिकत सांगतो. त्या दिवशी आम्ही वाटाड्यासह जीपमधून आलेंतेजु नावाच्या भागात कच्च्या रस्त्यांनी हिंडलो.

सकाळी लिस्बनहून एव्होरा गावी जाणारी आगगाडी धरली. ही गाडी तेजु नदीवरच्या प्रचंड झुलत्या पुलावरून जाते. वरून मोटारी, खालून आगगाडी. १९६६ मध्ये हा पूल उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचे नाव होते. २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनीच हुकूमशाही उलथवली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल फुले खोवली आणि पुलाचे नाव '२५ एप्रिल' झाले. त्याच वर्षी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला आपल्याला १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे लागली, घरे जळाली, माणसे मेली आणि शेवटी हाती आला तो नामविस्तार. पूल ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात तेच चालू होते.

गाडीत भाचीने एक गंमत सांगितली. आपण रोज बोलतो ते कितीतरी शब्द पोर्तुगीज आहेत. पाव, बटाटा, चावी, घमेले, तुरुंग. बाटलीचे बूचही त्यांचेच. आणि ज्याची आपण महिनाभर वाट पाहतो तो पगारसुद्धा! पगार म्हणजे त्यांच्या भाषेत 'देणे, चुकते करणे'. मी हिशेब खात्यातला कारकून. वीस वर्षे पगारपत्रके तयार करतोय, पण हा शब्द कुठून आला हे मला ठाऊक नव्हते.

मग ती जरा थांबून म्हणाली, "मामा, एक सांगू? रागावू नका. आज कोणी भारतीय भेटले तर लगेच आडनावाचा विषय काढू नका." लिस्बनमध्ये ती आणखी तीन भारतीय मुलींबरोबर राहते. दारावरच्या कागदावर तिघींची पूर्ण नावे आहेत, हिचे फक्त पहिले. हे मी आल्या दिवशीच पाहिले होते, पण बोललो नव्हतो. फोन उचलताना 'जयभीम' म्हणणारा माणूस मी; मला ते लागले. पण दोन वर्षे ती तिथे एकटी राहते आहे, मी पंधरा दिवसांचा पाहुणा. गप्प बसलो.

एव्होराला स्टेशनबाहेर आमचा वाटाड्या उभा होता. साठीचा, उन्हाने रापलेला, डोक्याला टोपी. त्याची जीप 'यूएमएम' या बनावटीची. ही गाडी १९७७ पासून पोर्तुगालमध्येच तयार होत असे, आता कारखाना बंद आहे. पत्र्याचा चौकोनी डबा, आत समोरासमोर बाकडी, आपल्याकडच्या काळीपिवळीची आठवण व्हावी अशी. आमच्याशिवाय ब्राझीलहून आलेले एक वयस्क जोडपे होते. ब्राझीलची भाषा पोर्तुगीजच असल्याने वाटाड्या तीच बोलत सुटला आणि भाची मला मराठीत सांगत गेली.

डांबरी सडक सुटली आणि चाकोऱ्या सुरू झाल्या. आमच्या समजुतीप्रमाणे अशी सहल म्हणजे गाडी उडवत, चिखल फेकत जाणे. तसे काही नव्हते. वाटाड्या गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून बैलगाडीच्या चालीने नेत होता. दर अर्ध्या कोसावर फाटक. उतरायचे, फाटक उघडायचे, गाडी गेली की पुन्हा लावायचे. नाही तर गुरे पलीकडे जातात. वाळलेल्या गवतात गाडी उभी करायची नाही, कारण तापलेल्या धुराड्याने गवत पेटते. आगीचा धोका फार असेल त्या दिवशी रानात गाडी नेण्यास बंदीच असते. २०१७ च्या जूनमध्ये त्या देशात पेद्रोगाव ग्रांद येथे वणव्याने ६६ माणसे मेली, बरीचशी पळून जाताना रस्त्यावर, मोटारींत. वाटाड्याच्या पायाशी आग विझवायचे नळकांडे बांधलेले होते आणि निघण्यापूर्वी त्याने आम्हा प्रत्येकाला ते कसे उघडायचे ते दाखवले.

पहिला मुक्काम आल्मेंद्रेश येथील उभे दगड. टेकडीच्या उतारावर पुरुषभर उंचीचे, अंड्यासारखे गुळगुळीत नव्वदहून अधिक दगड वर्तुळात रोवलेले आहेत. सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे. काहींवर कोरलेली वर्तुळे अंधुक दिसतात. अभ्यासकांच्या नजरेस ते आले १९६४ मध्ये. त्याच वर्षी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि निफाड तालुक्यातले आमचे आजोबा तुरुंगात गेले. तसा या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, पण साल ऐकले की आमच्या घरात तेच आठवते. दगडांना कुंपण नाही, तिकीट नाही, पुजारी नाही. एक शेळ्या राखणारा मुलगा एका दगडाला पाठ टेकून मोबाईल बघत बसला होता.

पुढे बुचाचे रान लागले. आपल्याकडे लांब देठाच्या पांढऱ्या फुलांच्या झाडाला बुचाचे झाड म्हणतात, ते हे नव्हे. हे ओकच्या कुळातले, बुटके, पसरट, बारमाही हिरवे. जगातले जवळजवळ निम्मे बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो. झाड पंचवीस वर्षांचे झाल्याशिवाय त्याची साल काढायची नाही. पुढे दर नऊ वर्षांनी काढायची, त्याआधी कायद्याने बंदी. पहिल्या दोन वेळची साल ओबडधोबड निघते. बाटलीला लागणारे चांगले बूच तिसऱ्या खेपेपासून, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. म्हणून लावणारा एक आणि खाणारा दुसरा. जिवंत झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही.

जून हा साल काढण्याचा हंगाम, त्यामुळे काम प्रत्यक्ष पाहायला मिळाले. प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा. त्या दिवशीच्या झाडांवर ६ होता, म्हणजे मागची साल २०१६ मध्ये काढलेली. दोन माणसे एका झाडाला. कुऱ्हाडीचा घाव उभा घालायचा, मग कुऱ्हाड जराशी पिरगाळायची, साल कर्रकन सुटते. दांड्याच्या निमुळत्या टोकाने ती उचकटायची. माणसाच्या उंचीचे, पन्हाळीसारखे सालटे अखंड निघते आणि आतले खोड ओल्या विटेसारखे तांबूस दिसते. घाव खोल गेला तर झाड जखमी होते, वरवर बसला तर साल फाटते. यंत्राला हे अजून नीट साधलेले नाही. काम झाले की खोडावर नवा आकडा, ५.

वाटाड्या म्हणाला, शेतातल्या मजुरांत सर्वांत जास्त रोज यांना मिळतो. बाप मुलाला शिकवतो आणि गावात त्यांना मान असतो. मी ते सालटे हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. साल सोलण्याचे कसब आमच्याही पूर्वजांच्या हातात होते. झाडाची नव्हे, मेलेल्या ढोराची. गावाला त्या कातड्याच्या मोटा, वाद्या, वहाणा हव्या होत्या. सोलणाऱ्याची सावली नको होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा असे सांगितले आणि आपल्या माणसांनी ते सोडले. हाताचे कसब तेच, चाकू तसाच धारदार. एकीकडे त्याला मान आणि रोज, दुसरीकडे विटाळ.

भाचीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मामा, ब्राझीलच्या काकू विचारतायत तुम्ही एवढे काय बोलताय. काय सांगू?" मी म्हटले, "सांग, आमच्याकडे हे काम वेगळ्या तऱ्हेने होत असे." तिने काय सांगितले कोण जाणे, पण बरेच सांगितले. म्हातारी माझ्याकडे वळून मान हलवू लागली.

दुपारचे जेवण एका खेड्यात. 'आसोर्दा' मागवली. भगिनींसाठी कृती देतो. लसूण, मीठ आणि भरपूर कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, वाडग्यात घालून वर ऑलिव्हचे तेल सोडायचे. त्यावर उकळते पाणी ओतायचे, शिळ्या पावाचे तुकडे टाकायचे आणि वर पाण्यात शिजवलेले अंडे सोडायचे. झाले! युरोपात आलो आणि समोर आले काय, तर शिळ्या भाकरीचा काला. फरक इतकाच की भाकरीऐवजी पाव. शेतमजुरांचे हे खाणे, ज्यांच्या घरी पाव आणि पाणी यांपलीकडे काही नसे त्यांचे. आता हॉटेलात त्याचे चांगले पैसे घेतात. चव मात्र थेट आजीच्या हातची, मी दोन वाडगी खाल्ली.

जेवताना वाटाड्या मोकळा झाला. त्याचे आजोबा-आजी दोघेही रोजंदारीवर. आलेंतेजुत शेकडो हेक्टरांच्या जहागिऱ्या, त्यांना 'एर्दाद' म्हणतात. मालक शहरात, कारभारी घोड्यावर आणि मजूर भूमिहीन. सकाळी गावच्या चौकात उभे राहायचे. कारभारी बोट दाखवील त्याला काम. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. १९ मे १९५४ रोजी बालेझाव गावी कातारिना युफेमिया ही सव्वीस वर्षांची कापणी करणारी बाई, तीन लेकरांची आई, मजुरीवाढ मागायला पुढे झाली आणि तिथल्या शिपाई दलाच्या अधिकाऱ्याने तिला गोळ्या घातल्या. ते गाव आमच्या वाटेवर नव्हते, पण तिचे नाव घेताना त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. आठ तासांचा दिवस या मजुरांनी १९६२ मध्ये संप करून मिळवला. आपल्याकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४६ मध्येच कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास ठरले. शेतमजूर मात्र त्या कायद्याबाहेरच राहिला.

१९७४ च्या क्रांतीनंतर मजुरांनी जहागिऱ्या ताब्यात घेतल्या. दहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन. घोषणा आपलीच, कसेल त्याची जमीन. सामुदायिक शेती सुरू झाली. पण १९७७ मध्ये कायदा आला आणि हळूहळू जमीन मूळ मालकांकडे परत जाऊ लागली. २७ सप्टेंबर १९७९ रोजी याच परिसरात, मोंतेमोर तालुक्यात, गोळीबारात दोन शेतमजूर ठार झाले. एक पोरसवदा, एक पन्नाशी उलटलेला. वाटाड्याची आजी त्या काळात सामुदायिक शेतीच्या स्वयंपाकघरात होती. "मग आता जमीन कोणाची?" मी विचारले. त्याने खिडकीबाहेर हात केला. "ज्यांची होती त्यांचीच. काहींनी कंपन्यांना दिली."

माझे आजोबा तुरुंगातून आले तेव्हा सरकारने पडीक जमिनी वाटण्याचे आश्वासन दिले होते. आमच्या वाट्याला जो खडकाळ तुकडा आला, त्यावर अजून वाद चालू आहे. हे मी त्याला सांगितले. मग आम्ही दोघेही पाव बुडवून खात राहिलो.

दुपारी शेवटचा थांबा द्राक्षमळ्याचा. तिथे वाइनची चव देतात. आम्ही पाचवे शील सांगून नम्रपणे नको म्हटले. वाटाड्याने वाइट वाटून घेतले नाही. उलट म्हणाला, तोपर्यंत मळा बघा, प्रत्येक ओळीला पाटी आहे, 'काश्ता' लिहिलेली. मला ऐकू आले 'कष्ट'. वाटले, किती बरोबर नाव! पाटीजवळ गेल्यावर भाचीने अक्षरे वाचली आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. काश्ता म्हणजे कास्ट. जात.

द्राक्षाच्या वाणाला पोर्तुगीज 'काश्ता' म्हणतात. वंश, बीज, वाण असा त्या शब्दाचा अर्थ. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले, इथल्या समाजाची उतरंड त्यांनी पाहिली आणि तिला आपल्याकडचा हाच शब्द लावला. त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला, त्यातला 'कास्ट' तो हाच. बटाटा आणि चावी त्यांनी आणली, पण जात त्यांनी आणली नाही. ती इथे होतीच, त्यांनी फक्त चिठ्ठी चिकटवली.

आमच्या निफाडकडे द्राक्षे पाहतच वाढलो असल्याने मला पुढचेही ठाऊक होते. १८६० च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या एका किडीने युरोपातले मळे मुळापासून खाल्ले. उपाय एकच निघाला, अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपियन वाणाचे कलम. आपल्याकडे डॉगरीजच्या खुंटावर कलम करतात तसेच. म्हणजे पाटीवर मोठ्या अभिमानाने ज्या 'काश्ता'चे नाव लिहिले आहे, ती मातीखाली परक्या मुळांवर उभी. आणि आलेंतेजुत सर्वांत नावाजलेले जे काळे द्राक्ष, आलिकांत बूशे, ते एका फ्रेंच माणसाने दोन वाणांचा संकर करून काढलेले.

ओळीच्या टोकाला तिघे जण वेलींचे शेंडे तारांत अडकवत होते. आपल्याकडचेच चेहरे. एक जण हसत पुढे आला. उत्तरेकडचा, पंचविशीचा. "किधर से, अंकल जी?" नाशिक म्हटल्यावर खूश झाला. "अंगूर वाला नाशिक!" एजंटाला पैसे भरून दीड वर्षापूर्वी आलेला. एका घरात अकरा जण. आलेंतेजुच्या किनाऱ्याला ओदेमिरा भागातल्या प्लास्टिकच्या शेतांत आधी कामाला होता. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत तिथल्या मजुरांच्या खुराड्यांची बातमी जगभर झाली होती, तोच भाग. बोलता बोलता त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, "पूरा नाम, अंकल जी?"

मी माझे आणि वडिलांचे नाव सांगितले. तो थांबला. "आगे?"

हा 'आगे' आपल्यापैकी कोणाला सांगावा लागत नाही. शाळेत, भाड्याच्या खोलीच्या दारात, बढतीच्या यादीपाशी तो भेटलेला असतो. सकाळची सूचना आठवून मी भाचीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने आडनाव स्पष्ट उच्चारले आणि म्हणाली, "हम बौद्ध हैं. बाबासाहब वाले."

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला. बाटलीचे बूच त्याने फिरवून घट्ट बसवले. मुद्दाम की सहज, मला सांगता येणार नाही. माझ्या मागे पाटी होती, त्या शब्दाची.

थोड्या वेळाने त्यानेच विचारले, मी काय काम करतो. हिशेबाचा कारकून म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. इकडेतिकडे पाहून त्याने मोबाईल काढला. "तनख्वाह की पर्ची पढ़ लोगे?"

खोटे कशाला बोलू, मनात आले की म्हणावे, जा, तुझ्या जातवाल्याकडून वाचून घे. पण आमच्या आजोबांना सावकाराची वही वाचता येत नव्हती. ज्याला येत होती तो वाचून दाखवत नव्हता. मी चष्मा लावला. भाची शब्द सांगत गेली, मी आकडे पाहत गेलो. मूळ पगार ८७० युरो, त्या वर्षीचे किमान वेतन. सामाजिक सुरक्षेचे ११ टक्के, ९५ युरो ७० सेंट, ते बरोबर. मग घरभाडे १५०, वाहतूक ६० आणि 'इतर' ८०. "ये इतर क्या है?" त्याला माहीत नव्हते. कधी विचारलेही नव्हते. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, 'इतर'चा हिशेब कंत्राटदाराकडे लेखी मागायचा. दुसरी जास्त महत्त्वाची. ११ टक्के कापले म्हणजे भरलेच असे नाही. सामाजिक सुरक्षा कार्यालयात आपल्या क्रमांकावर जमा आहेत का ते पाहायचे. राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करताना तीच नोंद विचारतात. कामगार निरीक्षकांकडे तक्रार करता येते, हे भाचीने सांगितले. तेवढ्यात मुकादमाची गाडी दिसली आणि तिघेही ओळीत शिरले. भाचीने घाईघाईने त्याचा क्रमांक टिपून घेतला.

परतीच्या गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. ती झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती.

रात्री अकराला तिच्या फोनवर आणखी दोन महिन्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो आले. जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन आम्ही बसलो. 'इतर' तिन्ही महिन्यांत होते, एकूण २४० युरो. मी पोर्तुगीजमध्ये कोणते आकडे कुठे लिहायचे त्याचा तक्ता आखून दिला, तिने अर्जाचा मजकूर लिहिला. सोमवारी ती सुट्टीच्या वेळात त्याच्याबरोबर कार्यालयात फोन लावणार होती. तिकडून उलट फोन आला तर कोणाचे नाव सांगायचे, असे त्याने विचारले. तिने आपले पूर्ण नाव, आडनावासह, लिहून पाठवले.